आयसीडी-११ येतंय : चंद्रपूर-गडचिरोलीच्या दवाखान्यांनी तयारी कुठून करावी

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा किंवा गडचिरोलीतल्या कुठल्याही फिजिशियनकडचा पावसाळ्यातला केस पेपर काढून बघा. निदानाच्या जागी बहुधा 'ताप', 'ताप + अशक्तपणा' किंवा 'अंगदुखी' एवढंच सापडेल. पेशंटला तपासताना डॉक्टरांना याहून पुष्कळ जास्त कळलेलं असतं. आरडी किटवर फाल्सिपेरमची रेघ उमटली होती, आईने पिशवीतून पोराचं सिकलसेलचं कार्ड काढून दाखवलं होतं, प्लीहा हाताला लागत होती. हे सगळं डोक्यात राहतं आणि कागदावर 'ताप' उतरतो. रोगांना कोड देण्याची नवी पद्धत आली की दवाखान्याचं घोडं इथेच अडतं. कोड शोधणं अवघड नाही. ज्यासाठी कोड शोधायचा, ते निदानच पुरतं लिहिलेलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-११, मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्या आधीची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली होती. आपल्याकडे रोजचा व्यवहार अजून दहावीवरच चालतो. आरोग्य विम्याच्या दाव्याच्या अर्जातला जो 'भाग ब' रुग्णालयाने भरायचा असतो, त्यात निदानाचे रकाने आयसीडी-१० चे आहेत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांतही दहावीच धरलेली आहे. खासगी दवाखान्यांनी अमुक तारखेपासून अकरावी वापरलीच पाहिजे असं फर्मान हा लेख लिहीपर्यंत निघालेलं नाही. म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. फर्मान निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आत्ता सवडीने कामाला लागणं सोयीचं.

इंटरनेटवर या विषयावर जे सल्ले मिळतात, त्यांच्याबद्दल आधीच सावध करतो. ते बहुतेक अमेरिकेतल्या बिलिंगसाठी लिहिलेले आहेत. तिथे १ ऑक्टोबर २०१५ ला दहावीची अमेरिकी आवृत्ती लागू झाली आणि त्या दिवसापासूनच्या तपासण्यांची बिलं जुन्या कोडने पाठवली तर विमा कंपन्या परत करू लागल्या. त्यामुळे तिथला सगळा भर पैसे अडकू नयेत यावर. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पैसे ठरलेल्या पॅकेजप्रमाणे मिळतात. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यात गडचिरोली होतं. आरोग्यमित्राच्या टेबलावरची ती पद्धत आपल्या लोकांना चांगली परिचयाची आहे. पॅकेजचा कोड आणि रोगाचा कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र दवाखान्यातल्या प्रत्येकाला एकदा बसवून सांगा. पॅकेज म्हणजे आपण काय केलं. आयसीडी म्हणजे पेशंटला काय झालं होतं. बिल करणारा मुलगा दोन्हींसाठी एकच यादी वापरत असेल, तर पहिली दुरुस्ती तिथून.

आता नव्या कोडची ठेवण. दहावीत कोडची सुरुवात अक्षराने होते : सिकलसेल डी५७, फाल्सिपेरम मलेरिया बी५०. अकरावीत पहिलं चिन्ह प्रकरणाचं असतं. पहिली नऊ प्रकरणं १ ते ९ या अंकांवर, दहाव्यापासून अक्षरं. दुसऱ्या जागी नेहमी अक्षर. म्हणून सिकलसेल ३ए५१, फाल्सिपेरम मलेरिया १एफ४०. ओ आणि आय ही अक्षरं मुद्दाम गाळली आहेत, कारण ती शून्य आणि एक या अंकांसारखी दिसतात; काउंटरवर घाईत टाइप करणाऱ्याची त्यामुळे मोठी सोय झाली. शेवटी वाय आला तर 'इतर, पण नमूद केलेलं' आणि झेड आला तर 'नमूद न केलेलं'. झेडवर लक्ष ठेवा. महिन्याच्या यादीत झेड फार दिसायला लागले की केस पेपर अर्धवट लिहिले जाताहेत असं समजावं. (इथे अक्षरं देवनागरीत छापली आहेत, संगणकात ती रोमनमध्येच टाकायची.)

एका कोडने भागलं नाही तर अकरावीत कोड जोडता येतात. एकमेकांशी संबंधित दोन निदानांच्या कोडांमध्ये तिरकी रेघ येते. बाजू, तीव्रता, कारण असा तपशील एक्सने सुरू होणाऱ्या विस्तार-कोडने जोडतात. सगळे विस्तार-कोड पाठ करायच्या फंदात पडू नका. आपल्या पेशंटांना लागणारे थोडेच असतात.

केस पेपरवरची ओळ

तयारीची सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका. गेल्या वर्षीचं रजिस्टर घ्या आणि कोणती निदानं पुन्हा पुन्हा येतात ते काढा. एका विशेषज्ञाच्या दवाखान्यात पन्नास-साठ निदानांत बहुतेक काम उरकतं असं माझं मत आहे. बालरोगतज्ज्ञाची यादी वेगळी, हाडांच्या डॉक्टरची वेगळी. या यादीतल्या प्रत्येक निदानापुढे लिहा : योग्य कोड निवडायला केस पेपरवर आणखी काय असायला हवं? खरी मेहनत याच कामात आहे, आणि ते डॉक्टरलाच करावं लागतं.

सिकलसेलचं उदाहरण सविस्तर घेतो, कारण या दोन जिल्ह्यांत त्याच्याशी गाठ पडत नाही असा फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ नाही. दहावीत डी५७.० म्हणजे क्रायसिससह सिकलसेल, डी५७.१ क्रायसिसशिवाय, डी५७.३ म्हणजे नुसता वाहक. सिकलसेलसोबत थॅलेसेमियासारखा दुसरा दोष असेल तर डी५७.२, मग क्रायसिस असो वा नसो. अकरावीत वाहक ३ए५१.०, क्रायसिसशिवाय ३ए५१.१, क्रायसिससह ३ए५१.२, आणि त्या दुहेरी दोषाचे आता दोन कोड झाले, क्रायसिस नसेल तर ३ए५१.३ आणि असेल तर ३ए५१.४. म्हणजे जुन्या डी५७.२ ला कोष्टकात बघून नवा कोड देता येत नाही. त्या दिवशी पोराला क्रायसिस होता का, हे केस पेपरने सांगितलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने दहावी-अकरावीची जुळणी-कोष्टकं दिलेली आहेत, ती उपयोगी आहेत. पण जिथे एकाचे दोन होतात, तिथे कोष्टक हात वर करतं.

दुसरी गफलत याहून वाईट. शाळेतल्या किंवा गावातल्या शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह येते आणि कागदावर 'सिकलसेल +' लिहिलं जातं. या चाचणीवरून वाहक आहे की पेशंट, ते ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. एएस पॅटर्नच्या मुलीवर ३ए५१.१ चा शिक्का बसला की ती कायमची पेशंट होते. लग्नाच्या बोलणीपर्यंत तो कागद तिच्या मागे जातो. उलट एसएस पॅटर्नच्या पोराला वाहक म्हणून सोडून दिलं तर हायड्रॉक्सीयुरिया सुरू व्हायचं राहतं. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासण्या वाढल्या आहेत, म्हणून असे अर्धे कागदही तुमच्याकडे जास्त येतील. नियम साधा ठेवा : पॅटर्नचा रिपोर्ट हातात येईपर्यंत वाहक किंवा पेशंट यांपैकी कुठलाच कोड पक्का करायचा नाही. केस पेपरवर 'सोल्युबिलिटी +, एचपीएलसी बाकी' असं लिहायचं आणि पुढच्या भेटीत निदान पूर्ण करायचं.

मलेरियाचं त्या मानाने सोपं आहे. कोणता परजीवी, आणि गुंतागुंत आहे का, एवढ्या दोन गोष्टी लागतात. फाल्सिपेरम १एफ४०, व्हायव्हॅक्स १एफ४१, मेंदूवर परिणाम झालेला फाल्सिपेरम १एफ४०.०. तपासणीत परजीवी दिसला नाही पण लक्षणांवरून उपचार केला, तर १एफ४५. दहावीत त्याच्या जवळचा बी५४. कोर्ची-एटापल्लीकडून आलेल्या पेशंटला आशाताईंनी गावातच किट करून गोळ्या दिलेल्या असतात आणि तुमच्याकडे स्लाइड निगेटिव्ह येते. अशा वेळी आशाताईंच्या किटचा निकाल केस पेपरवर उतरवून घ्या. नाहीतर किटने सिद्ध झालेला फाल्सिपेरम तुमच्या कागदावर 'पुरावा नसलेला ताप' होऊन बसेल.

सर्पदंश आणि जंगली जनावरांचे हल्ले हा आपल्याकडचा खास भाग. कोड देणारी बहुतेक मंडळी जखमेचा कोड टाकून मोकळी होतात आणि ती कशामुळे झाली, कुठे झाली, हे सोडून देतात. दहावीत विषारी सापाच्या दंशाला टी६३.० हा विषबाधेचा कोड आणि एक्स२० हा कारणाचा कोड, असे दोन्ही लागतात. बिनविषारी साप असेल तर टी६३ येत नाही, कारणाचा कोडही वेगळा, डब्ल्यू५९. म्हणून केस पेपरवर नाग, मण्यार, घोणस की ओळख पटली नाही, पापण्या जड झाल्या होत्या की रक्त गोठत नव्हतं, आणि अँटीव्हेनम किती व्हायल दिलं, हे यायला हवं. अकरावीत विष कशाचं, हा तपशील विस्तार-कोडने जोडायचा असतो. ओळख लिहिलेली नसेल तर जोडणार काय?

वाघाच्या हल्ल्याला दहावीत स्वतंत्र कोड नाही. डब्ल्यू५५ म्हणजे 'इतर सस्तन प्राणी चावणे किंवा धडक मारणे' यात तो बसतो, आणि त्याच रांगेत घरची गाय-म्हैसही बसते. ताडोब्याच्या भोवतालच्या किंवा ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यातल्या डॉक्टरला हे खटकणारच. म्हणून शब्दांत 'वाघ', 'अस्वल', 'रानडुक्कर' असं स्पष्ट लिहायचं आणि जागेचा चौथा अंक न विसरता टाकायचा. शेत असेल तर ७. जंगल 'इतर नमूद जागां'मध्ये, म्हणजे ८. मोहफुलं वेचताना की तेंदूपत्ता तोडताना, हेही एका ओळीत येऊ द्या. वनखात्याकडच्या भरपाईसाठी नातेवाइकांना दवाखान्याचे कागद लागतात आणि तेव्हा ही ओळ नसली की गरीब माणूस हेलपाटे घालतो.

अर्धांगवायूच्या बाबतीत अकरावीने मोठी उलथापालथ केली आहे. दहावीत तो हृदय-रक्तवाहिन्यांच्या प्रकरणात आय६० ते आय६९ मध्ये होता. आता तो मज्जासंस्थेच्या आठव्या प्रकरणात गेला. आपल्या भागाला याचं महत्त्व का, ते 'सर्च' संस्थेच्या कामावरून कळतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातल्या मृत्यूंची कारणं घरोघरी विचारून नोंदवली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, अर्धांगवायूने झालेले निघाले. मृत्यूचं ते सगळ्यात मोठं कारण होतं. आदिवासी, ग्रामीण जिल्ह्यात लोक तापाने आणि हगवणीने मरतात, या समजुतीला त्या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला. तुम्ही दवाखान्याचा वार्षिक ताळेबंद मांडत असाल, तर अकरावीवर गेलात त्या वर्षी हृदय-रक्तवाहिन्यांच्या रोगांचे आकडे एकदम घटलेले दिसतील. पेशंट कमी झालेले नसतील, ते फक्त दुसऱ्या प्रकरणात गेलेले असतील. ही गोष्ट रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

याच दुखण्यात प्रामाणिकपणे 'माहीत नाही' लिहायची सोय आहे. मेंदूत रक्तस्राव असेल तर ८बी००, रक्तपुरवठा अडला असेल तर ८बी११, आणि यांपैकी कोणता हे कळलं नसेल तर ८बी२०. सिरोंचा किंवा भामरागडहून आलेल्या म्हाताऱ्याचं सीटी स्कॅन झालेलंच नसतं. नातेवाइकांना पुढे नागपूरच्या मेडिकलला न्यायचं नसतं. अशा वेळी अंदाजाने ८बी११ टाकू नका. ८बी२० टाका. या परगण्यात सीटी किती जणांच्या वाट्याला येत नाही, हे उद्या त्याच कोडच्या बेरजेवरून कुणालाही दाखवता येईल.

बाकीचं थोडक्यात. वरोऱ्याच्या परिसरात कुष्ठरोगातून बरी झालेली, पण हातापायांना व्यंग राहिलेली माणसं तपासायला येतात. त्यांना चालू कुष्ठरोगाचा ए३० देऊ नका, बी९२ म्हणजे 'नंतरचे परिणाम' द्या. अकरावीतही हा फरक पाळलेला आहे. वेकोलिच्या कोळसा खाणीत किंवा सिमेंट कारखान्यात काम केलेल्या खोकल्याच्या पेशंटचा नोकरीचा इतिहास घ्या, नाहीतर सगळेच दमेकरी ठरतील.

मृत्यूचं कारण लिहिण्याच्या नमुना ४ बद्दल मात्र थोडं कडक बोलावं लागेल. 'हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने' हे कारण नव्हे. मेलेल्या प्रत्येकाचं ते बंद पडतंच. भाग एकच्या सगळ्यात खालच्या ओळीत मूळ रोग आला पाहिजे. सिकलसेलचं पोर जंतुसंसर्गाने गेलं तर वरच्या ओळीत सेप्सिस आणि खाली सिकलसेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आहे आणि रुग्णालयात झालेल्या मृत्यूचं कारण-प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी तिने रुग्णालयांवर स्पष्टपणे टाकली आहे. त्यावर कोड घालण्याचं काम सरकारी यंत्रणेचं. पण तुम्ही लिहिलेल्या शब्दांपलीकडे तिला काहीच दिसत नाही.

माणसं आणि संगणक

कोड द्यायचं काम कुणाचं? एकट्या डॉक्टरचं नाही, कारण त्याला वेळ नाही. एकट्या काउंटरवरच्या मुलीचंही नाही, कारण निदानातले बारकावे तिला कळायला वाव नसतो. वॉर्डमधल्या एखाद्या जुन्या, अक्षर लावून वाचणाऱ्या सिस्टरला हे काम शिकवा आणि तिचा पगार थोडा वाढवा. हे फुकटात करून घेणारे दवाखाने सहा महिन्यांत पुन्हा 'ताप'वर येतात. आठवड्यातून एकदा काही केस पेपर काढा, सिस्टरने आणि डॉक्टरने वेगवेगळे कोड घालावेत, जिथे जुळलं नाही तिथे बोलावं. बहुतेक वेळा चूक कोडमध्ये नसते. केस पेपरवर दोन अर्थ निघतील असं काहीतरी लिहिलेलं असतं.

मुहूर्त जुलै ते ऑक्टोबरमध्ये धरू नका. तेव्हा मलेरिया, सर्पदंश आणि रोवणीतून आलेल्या तापाने बाकड्यावर जागा नसते. धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत सुरू करा. तेंदूच्या हंगामापर्यंत हात बसतो. काही महिने दोन्ही कोड शेजारी-शेजारी लिहा. विम्यासाठी दहावीचा लागणारच आहे, आणि दोन्ही लिहिल्याने तुमच्या यादीतल्या चुका आपोआप वर येतात.

जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावीचं कोड शोधायचं साधन फुकट आहे. आजाराचं इंग्रजी नाव टाकलं की कोड मिळतो. पण पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि आतल्या भागात नेटवर्कचाही भरवसा नसतो. ते साधन स्वतःच्या संगणकावर बसवता येतं. त्यासाठी थोडा जाणकार माणूस लागतो. तो नसेल तर तुमच्या पन्नास-साठ निदानांची छापील यादी प्लास्टिकमध्ये घालून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

सॉफ्टवेअरवाल्याला विचारा : कोडच्या रकान्यात किती अक्षरं मावतात? दहावीपुरता आखलेला रकाना अकरावीचे जोडलेले कोड मधेच तोडतो. दोन्ही आवृत्त्या एका निदानापुढे साठवता येतात का? डॉक्टरने लिहिलेले मूळ शब्द जपले जातात की कोड टाकला की पुसले जातात? शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका.

एक्सेलमध्ये यादी ठेवणाऱ्यांसाठी खास सूचना. अकरावीत तीव्र विषाणूजन्य कावीळ म्हणजे १ई५०. एक्सेल त्याला आकडा समजतं, एकावर पन्नास शून्यं, आणि रकान्यात १.००ई+५० असं काहीतरी करून ठेवतं. जुनाट काविळीच्या १ई५१ चीही तीच गत. दहावीचे कोड अक्षराने सुरू होत असल्याने हा प्रश्न कधी आला नव्हता. कोडचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच टाइप करा. पावसाळ्यातल्या काविळीची अख्खी यादी अशी वाया गेली की मग कळतं.

दवाखान्यात आयुर्वेदाचे वैद्य बसत असतील तर अकरावीचं २६ वं प्रकरण पारंपरिक वैद्यकाचं आहे आणि त्यात आयुर्वेद, सिद्ध, युनानीचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. ते कोड मुख्य निदानाला पर्याय म्हणून न वापरता त्याच्या जोडीला वापरायचे. प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारची सेंट्रल ब्यूरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स, म्हणजे सीबीएचआय, आणि वैद्यकीय संज्ञांच्या मानकांसाठी पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र, हे दोन पत्ते जवळ ठेवा.

डिस्चार्ज कार्डावर कोड छापायचा का, असा प्रश्न येतो. सिरोंच्याचे पेशंट पुढे तेलंगणात जातात, कोर्चीचे छत्तीसगडात. तिथल्या डॉक्टरला तुमचं मराठी कळणार नाही, पण कोड कळेल. म्हणून छापा. एचआयव्ही आणि मानसिक आजारांचे कोड मात्र उघड्या कार्डावर नकोत. एसटीत शेजारी बसलेला माणूस मोबाइलवर कोड शोधू शकतो, आणि गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. असे कोड आतल्या नोंदीत ठेवा, पुढच्या डॉक्टरला बंद पाकिटातून पाठवा.

जुन्या केस पेपरांना नव्याने कोड देत बसू नका. ज्या तारखेला सुरुवात कराल ती रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहा, तिच्या आधीचं दहावीतच राहू द्या. प्रत्येक नोंदीपुढे आवृत्ती लिहिण्याची सवय लावा, कारण अकरावीत वेळोवेळी सुधारणा होत राहतात. अपवाद फक्त सिकलसेलच्या, थॅलेसेमियाच्या आणि अर्धांगवायूच्या चालू पेशंटांचा. ते पुढच्या भेटीला आले की त्यांची फाईल तेवढी उघडायची, पॅटर्नचा रिपोर्ट किंवा सीटीचा कागद आहे का ते बघायचं आणि नसेल तर त्याच दिवशी मागवायचा.